गाडीत कोणतं कूलंट टाकायचं, किती टाकायचं आणि कसं भरायचं

स्पेअर पार्टच्या दुकानात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मागितलं की पहिला प्रश्न येतो, "हिरवं देऊ की लाल?" या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. रंग म्हणजे कंपनीने ओळखीसाठी घातलेला डाय. कोणत्या रंगात काय असावं याचा सर्वमान्य नियम नाही. होंडाचं मूळ कूलंट निळं असतं, त्यात फॉस्फेट असतं आणि सिलिकेट नसतं (ही दोन्ही गंज रोखणारी रसायनं). बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं वापरलेलं जी ४८ प्रकारचं कूलंटही निळसरच, पण त्यात सिलिकेट असतं आणि फॉस्फेट नसतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळणार नाही, इंजिनाला मात्र कळेल.

त्यामुळे निवड करताना तीन गोष्टी क्रमाने बघायच्या: गाडीच्या पुस्तिकेत कोणतं स्पेसिफिकेशन दिलंय, आत्ता सिस्टीममध्ये काय भरलेलं आहे आणि शेवटी ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवाचं, प्रमाण किती पडणार आहे. तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेक गॅरेजांत कुणी बघत नाही आणि चांगलं कूलंट विकत घेऊनही काम तिथेच फसतं.

आपल्याकडे अँटीफ्रीझ कशाला?

अँटीफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रव, हे कूलंटचंच दुसरं नाव. पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा पणजीत पाणी गोठायची भीती नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढंच. तरीही कूलंट लागतं, आणि त्याचं मुख्य कारण गंज. आजच्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचं हेड, बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, कुठे लोखंडी ब्लॉक, कुठे पितळ, वॉटर पंपाचं सील आणि रबरी होज (नळ्या), हे सगळं एकाच गरम पाण्यात बुडलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि क्षार असलेलं पाणी एकत्र आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि नरम धातू आधी खाल्ला जातो. नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचं थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) ज्यात बसतं ते हाउसिंग काढलं तर उंदराने कुरतडल्यासारखी अ‍ॅल्युमिनियमची कड दिसते. ती याचीच खूण.

दुसरं कारण उकळी. मोकळ्या भांड्यात साधं पाणी १०० अंशांना उकळतं, अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल साधारण १०७-१०८ अंशांना. १.१ बार दाबाच्या रेडिएटर कॅपखाली, म्हणजे झाकणाखाली, हेच आकडे १२१ आणि १२९ च्या आसपास जातात. म्हणजे उकळण्याच्या बाबतीत ग्लायकॉलपेक्षा झाकण जास्त काम करतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर सगळ्यात महाग कूलंटही कसारा घाटात एसी लावून चढताना १०८ अंशांनाच उकळायला लागेल. कूलंट बदलताना झाकणही बदला आणि नवीन घेताना त्यावरचा आकडा (०.९ किंवा १.१) जुन्याशी जुळवून घ्या. आकडा वाढवून "जास्त मजबूत" झाकण बसवण्याच्या भानगडीत पडू नका. आधी जुने होज फुटतात, मग हीटरची जाळी.

पायरी १: पुस्तिका उघडा

ओनर्स मॅन्युअलच्या शेवटी तेल आणि द्रव पदार्थांचा तक्ता असतो. त्यात कूलंटचं नाव किंवा स्पेसिफिकेशन आणि एकूण किती लिटर लागतं ते दिलेलं असतं. लहान पेट्रोल गाडीला साधारण ४ ते ५ लिटर लागतं, मोठ्या डिझेल एसयूव्हीला ८ ते १० लिटर. हा लिटरचा आकडा कागदावर लिहून घ्या, पुढे हिशेबाला लागणार आहे.

स्पेसिफिकेशनचे तीन-चार मोठे गट आहेत. जुना गट म्हणजे सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असे अकार्बनी क्षार असलेलं कूलंट, बहुधा हिरवं. ते भरल्याबरोबर सगळ्या धातूवर थर चढवतं, पण स्वतः लवकर संपतं. साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. तांब्या-पितळेचा, डाखाने जोडलेला रेडिएटर असलेल्या जुन्या गाड्यांना हेच ठीक.

दुसरा गट सेंद्रिय आम्लांवरचा, म्हणजे ओएटी. जनरल मोटर्सचं डेक्स-कूल १९९० च्या दशकात आलं ते याच जातीचं. हे सगळीकडे थर चढवत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतं. म्हणून पाच वर्षांपर्यंत टिकतं. पण त्याची पकड बसायला वेळ लागतो आणि सिस्टीममध्ये हवा राहिली तर ते चिखलासारखं होतं.

तिसरा गट या दोघांचं मिश्रण, आणि इथे युरोप व जपान यांची फारकत होते. युरोपातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की पांढरा खडा धरतो, म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट घेतलं. जपानी कंपन्यांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाचं सील झिजण्याची काळजी, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट घेतलं. टोयोटाचं गुलाबी आणि होंडाचं निळं ही या जपानी वाटेवरची कूलंटं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत टीएल ७७४ या क्रमांकाखाली अक्षरं बदलत जातात: जी म्हणजे जी १२ प्लस प्लस, जे म्हणजे जी १३, एल म्हणजे जी १२ इव्हो. बाटलीवर नुसतं "जी १२" लिहिलेलं असेल तर पुढचं अक्षर विचारा.

आपल्याकडे विहिरीचं, बोअरचं पाणी युरोपाइतकंच किंवा त्याहून जड असतं, तरी रस्त्यावर जपानी-कोरियन वंशाच्या गाड्याच जास्त. म्हणजे फॉस्फेटवालं कूलंट आणि जड पाणी ही जोडी आपल्याकडे सहज जमते. पाण्याची काळजी घ्या असं पुढे सांगितलंय ते यासाठी.

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं कूलंट हा वेगळा विषय आहे. काही मॉडेलना कमी वीजवाहकतेचं खास कूलंट लागतं आणि त्यात दुसरं काही घालणं धोक्याचं ठरतं. तिथे घरी प्रयोग नको.

पायरी २: आत्ता आत काय आहे?

इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा. चार तास उभी असलेली गाडी चालेल, रात्रभर उभी असली तर उत्तम. टॉर्च मारून बघा, पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब घ्या.

स्वच्छ, पारदर्शक आणि रंग टिकून असलेलं कूलंट चांगलं. गढूळ तांबूस म्हणजे गंज सुरू आहे. दुधाळ कॉफीसारखा चिकट साका दिसला तर तेल मिसळलंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. अशा वेळी कूलंट निवडत बसू नका, आधी तो दोष शोधा. जेलीसारखे गोळे म्हणजे दोन न जुळणारी कूलंटं एकत्र आली आहेत. फोक्सवॅगनच्या जुन्या जी ११ मध्ये जी १२ ओतल्यावर तयार होणारा तपकिरी गाळ हे याचं गाजलेलं उदाहरण.

सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि सर्व्हिस बुकात काही नोंद नसेल, तर आत काय आहे हे माहीत नाही असंच धरा आणि सगळं धुऊन काढा. "युनिव्हर्सल, सगळ्यात मिसळतं" असं लिहिलेली बाटली टॉप-अपला चालून जाते, पण मिश्रणाचं आयुष्य त्यातल्या कमजोर कूलंटइतकंच उरतं.

पायरी ३: बाटली पारखा

डब्यावर दोनपैकी एक लिहिलेलं असतं: रेडी टू यूज, म्हणजे पाणी मिसळलेलं, किंवा कॉन्सन्ट्रेट. त्याखाली मानकाचा क्रमांक शोधा: आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६, किंवा गाडी कंपनीचा स्वतःचा. एकही क्रमांक नसेल आणि नुसतंच "हाय परफॉर्मन्स" असेल, तर बाटली परत ठेवा.

मग प्रमाण. काही कॉन्सन्ट्रेटवर "१:३" असं छापलेलं असतं, म्हणजे एक भाग कूलंट आणि तीन भाग पाणी. त्यातून २५ टक्के ग्लायकॉल पडतं आणि गोठणबिंदू उणे १२ च्या आसपास येतो. गंजरोधकं त्या हिशेबाने जास्त घातलेली असतील तर सपाट प्रदेशात हे चालेल, पण पुस्तिका ५० टक्के मागत असेल तर ५० टक्केच करा. उलट, "जास्त घातलं तर जास्त चांगलं" हेही खरं नाही. निखळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं आणि पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. ६० टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही.

रंगीत पाणी कूलंट म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. तो पकडायला वजनकाटा पुरतो. मोजपात्रात बरोबर एक लिटर घ्या आणि पात्राचं वजन वजा करा. इथिलीन ग्लायकॉलचं कॉन्सन्ट्रेट साधारण १,११० ते १,१३० ग्रॅम भरतं, ५० टक्के मिश्रण १,०६५ ते १,०७५ ग्रॅम. काटा १,००५ दाखवत असेल तर तुम्ही रंगाचे पैसे दिलेत. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट मुळातच हलकं असतं, तेव्हा लेबल वाचूनच निष्कर्ष काढा. हे मोजपात्र पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

पायरी ४: पाणी

कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घाला. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. घरी आरओसाठीचा टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर बुडवून बघा. आकडा १० च्या खाली हवा. घरच्या आरओचं पाणी ५० ते १०० दाखवतं, ते अडीअडचणीला ठीक. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचं पाणी याच मीटरवर सहज ५०० च्या वर जातं, त्याचा खार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मग "जाळी चोक झाली" म्हणून रेडिएटर उतरवावा लागतो. कोकणात खाडीजवळच्या विहिरीला क्लोराइडचा त्रास. चवीला जेमतेम मचूळ लागणारं पाणीसुद्धा अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतं.

पायरी ५: रिकामं करणं आणि प्रमाणाचा सापळा

रेडिएटरच्या तळाला ड्रेन प्लग असतो. तो प्लास्टिकचा असेल तर हातानेच सोडा, पान्याने तुटतो. प्लग नसेल तर खालच्या होजची क्लिप पक्कडीने सरकवा आणि होज ओढण्याआधी थोडा पिळून सैल करा. खाली पसरट टब ठेवा आणि निघालेलं कूलंट मोजा.

मोजायचं कारण असं. समजा सिस्टीम ५ लिटरची आहे आणि प्लगमधून ३.२ लिटर निघालं. उरलेलं १.८ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत अडकून राहिलं. आता तुम्ही पाण्याने तीन-चार वेळा फ्लश केलंत, स्वच्छ पाणी यायला लागलं. प्लग पुन्हा उघडला तर ३.२ लिटर पाणी निघेल, आत १.८ लिटर पाणीच राहील. त्यावर ३.२ लिटर "५०:५० रेडी टू यूज" ओतलंत तर ग्लायकॉल पडलं १.६ लिटर, म्हणजे ५ लिटरात ३२ टक्के. गंजरोधकंही तितकीच पातळ झाली. बिलावर चांगल्या ब्रँडचं नाव असतं, गाडीत मात्र दोन-तृतीयांश ताकदीचं कूलंट फिरत असतं.

म्हणून पाण्याने फ्लश केला असेल तर कॉन्सन्ट्रेटच घ्या. ५ लिटरच्या निम्मं म्हणजे २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, उरलेल्या ०.७ लिटर जागेत डिस्टिल्ड पाणी. आणि फ्लशच्या शेवटच्या दोन फेऱ्या डिस्टिल्ड पाण्यानेच करा, कारण ते अडकलेलं १.८ लिटर पुढची काही वर्षं आत राहणार आहे. जुनं कूलंट त्याच जातीचं आणि स्वच्छ असेल तर फ्लशच नको. काढा आणि रेडी टू यूज भरा, प्रमाण बिघडत नाही.

प्रत्येक फ्लशला इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावं लागतं, नाहीतर पाणी ब्लॉकमध्ये फिरतच नाही. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडतात. वरचा होज एकदम गरम लागला की उघडला समजा. मग इंजिन बंद करून थंड होऊ द्या, त्यानंतरच प्लग सोडा. या कामाला अर्धा दिवस जातो. वीस मिनिटांत "फ्लश करून देतो" म्हणणाऱ्याने नुसता रेडिएटर रिकामा करून भरलेला असतो. आम्लाचे फ्लश पाउडर खार धरलेला नसेल तर वापरू नका. खार धरलेला असला तरी जपून: जुन्या रेडिएटरची भोकं त्या खारानेच बुजलेली असतात, खार निघाला की गळती सुरू.

पायरी ६: भरणं आणि हवा काढणं

आधी तुमच्या गाडीत टाकी कोणत्या प्रकारची आहे ते बघा. काही गाड्यांत रेडिएटरवरच दाबाचं झाकण असतं आणि बाजूची बाटली नुसती राखीव असते. काहींत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीच दाबाखाली असते. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसली तरी रेडिएटर रिकामा असू शकतो, म्हणून थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून कडेपर्यंत भरलंय याची खात्री करायची.

गाडीचं तोंड किंचित चढावर ठेवा. केबिनचा हीटर फुल गरमवर, पंखा कमी, एसी बंद. हळूहळू ओता, घाई केली की बुडबुडे अडकतात. थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा हीटर होजवर ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत थांबा. मग इंजिन चालू करून वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा, पातळी खाली जाईल तशी भर घाला. होज तापायला लागला की हात काढा आणि झाकण लावा. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं, इंजिन चालू ठेवा.

हीटरमधून गरम हवा येते का? तापमानाचा काटा जागेवर आहे आणि हवा मात्र थंड, म्हणजे हीटरच्या जाळीत हवा अडकली आहे. डॅशबोर्डमागून पाणी वाहिल्यासारखा खळखळ आवाज हीसुद्धा तीच खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच. मिन आणि मॅक्सच्या मध्ये आणा. आठवड्याने पुन्हा उतरली तर गळती शोधा: होजच्या क्लिपांवर पांढरी-रंगीत पपडी, वॉटर पंपाच्या छोट्या भोकातून ओघळ, पुढच्या सीटखालचं ओलं कार्पेट.

लेह-स्पितीला जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात द्रासला पारा उणे २० च्या खाली जातो. २५ टक्क्यांवर चाललेली गाडी तिथे रात्रभर उभी राहिली तर ब्लॉकमध्ये बर्फ धरतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यापुढे ब्लॉकला चीर जाणं हा नशिबाचा भाग. निघण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे एका थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणाने, तपासा. आधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब घालून शून्य जुळवा, मग कूलंटचा थेंब, आणि इथिलीन ग्लायकॉलची पट्टी वाचा. ५० टक्क्यांना उणे ३७ दिसायला हवं. कमी दिसलं तर सगळं काढायची गरज नाही. ५ लिटरच्या सिस्टीममध्ये ३० टक्के असेल, तर अंदाजे १.४ लिटर काढून तेवढंच त्याच जातीचं कॉन्सन्ट्रेट घाला, ५० च्या जवळ येतं.

उंचीचा उकळीवरही परिणाम होतो. ३,५०० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. झाकण बाहेरच्या दाबावर आपला १.१ बार चढवतं, पण बाहेरचाच दाब कमी असल्याने उकळबिंदू काही अंशांनी खाली येतो. चढाला काटा वर सरकला तर एसी बंद करून गिअर कमी करा.

रस्त्यात गाडी तापली तर

बाजूला घ्या, बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं १२० अंशांचं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा होज हाताला सोसेल इतका निवाल्यावर जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवा. जवळ कूलंट नसेल तर बाटलीबंद पाणी खुशाल घाला, थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून. पाण्यावर घरी पोचणं चालतं. तसंच महिनाभर फिरवणं चालत नाही.

जुनं कूलंट आणि उरलेली बाटली

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. टबात उघडं ठेवलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात आणि मांजराला काही चमचेही जीवघेणे ठरतात. माणसाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालयात न्या आणि बाटली सोबत घ्या. डॉक्टरांना नेमकं काय पोटात गेलंय ते कळलं पाहिजे. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका, मूळ डब्यातच ठेवा. जुनं गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजला आधी विचारून वेगळ्या कॅनमध्ये द्या, तेलात मिसळून नको.

काम संपलं की कूलंटच्या टाकीवर मार्करने तीन गोष्टी लिहून ठेवा: स्पेसिफिकेशन, टक्के, तारीख. पुढचा फिटर "हिरवं देऊ की लाल" विचारण्याआधी ते वाचेल.